रणवाद्यांतून उमटलेली प्रार्थना

जून महिना लागला की मालवणच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढल्या जातात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्याही विश्रांती घेतात आणि एखाद्या दिवशी तर तो किल्लाच पावसाच्या पडद्याआड दिसेनासा होतो. अशा दिवसांत संध्याकाळी लवकर दारे लावून घरात बसण्यावाचून गत्यंतर नसते. पूर्वी अशा वेळी पोथीवाचन होई, भजन होई. आता बहुतेक घरांत चित्रपट पाहिले जातात. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी ठरले की, नव्याचा नाद सोडून जुने, युद्धाच्या काळातले प्रेमाचे आणि साहसाचे चित्रपट पुन्हा पाहायचे. ज्या मंडळींनी ते तरुणपणी तंबूतल्या टॉकीजमध्ये, जमिनीवर बसून पाहिले होते, त्यांना ते आता आरामखुर्चीत बसून, मध्येच चहासाठी थांबवून पाहता येणार होते.

पहिली निवड अर्थातच 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'ची झाली. १९४६ सालचा, व्ही. शांताराम यांच्या राजकमल कलामंदिराचा हा चित्रपट. श्रेयनामावली सरकत असताना संगीत दिग्दर्शकाचे नाव आले, वसंत देसाई, आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या माना अभिमानाने किंचित उंचावल्या. हा माणूस आपल्या कुडाळकडचा. मालवणहून कुडाळ जेमतेम तासाभराच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी त्यांचीच इतर गाणी शोधताना १९६३ सालच्या 'छोटा जवान' या मराठी चित्रपटातले वीरगीत लागले. दोन्हींची सांगड घालून घरातल्या शाळकरी भाच्याने एक साधा प्रश्न विचारला. आदल्या दिवशी ज्या चीनसाठी आपला डॉक्टर प्राण देतो, तोच चीन आज शत्रू कसा झाला, आणि दोन्ही वेळा संगीत देणारा माणूस एकच कसा, असे त्याला जाणून घ्यायचे होते. त्या वेळी कोणालाच धड उत्तर देता आले नाही. वसंत देसाई यांचे चरित्र नव्याने चाळावेसे वाटले ते या प्रश्नामुळे.

वसंत देसाई यांचा जन्म ९ जून १९१२ रोजी कुडाळ परिसरातील सोनवडे या गावी झाला. त्या काळी हा मुलूख सावंतवाडी संस्थानात मोडत असे. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा अस्तित्वात यायला पुढे बराच काळ जायचा होता. तो १ मे १९८१ रोजी निर्माण झाला आणि तोवर देसाई यांना जाऊन पाच वर्षे उलटून गेली होती. म्हणजे आज आपण ज्यांना अभिमानाने सिंधुदुर्गाचे सुपुत्र म्हणतो, त्यांना स्वतःला हे बिरूद कधी ठाऊकच नव्हते. पण जिल्ह्याचे नाव नवे असले तरी माती जुनीच आहे, आणि त्या मातीचा नाद तर त्याहून जुना.

हा नाद म्हणजे देवळातले भजन, जत्रेतला ढोल आणि रात्रभर रंगणारा दशावतार. दशावतारात लढाई दाखवायची असते ती रंगमंचावर सैन्य आणून नव्हे, तर मृदंग, झांज आणि पेटी यांच्या बळावर. दोन पात्रे समोरासमोर येतात, गिरक्या घेतात, झांजेची लय चढत जाते आणि प्रेक्षकाला सारे रणांगण दिसू लागते. शिवाय आरंभीच्या आड दशावतारात येणारा संकासुर हा वेद पळवणारा असुर असला तरी तो काळ्या वेशात येऊन अस्सल मालवणीत बोलतो, गावाला पोट धरून हसवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. कोकणातल्या मुलांना त्याची भीतीही वाटते आणि तो हवाहवासाही वाटतो. शत्रूलाही आपल्याच भाषेत बोलायला लावणारी ही रंगभूमी ज्या मुलखात नांदते, तिथे वाढलेल्या संवेदनशील मुलाच्या कानावर तिचे संस्कार झाले नसतील, असे मानणे कठीण आहे.

तरुण वयात देसाई कोल्हापूरला पोहोचले आणि प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाले. १९२९ साली स्थापन झालेली ही कंपनी तेव्हा अगदी नवी होती. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी या पाच भागीदारांनी ती उभी केली होती. तिथे कामाची वाटणी अशी फारशी नव्हतीच. जो येईल त्याने पडेल ते काम करायचे, पडद्यावर उभे राहायचे, गायचे, वाद्य वाजवायचे, सामानही उचलायचे. देसाई यांनी १९३० सालच्या 'खुनी खंजीर' या मूकपटात छोटी भूमिका केली. मूकपटात उभा राहिलेला हा तरुण पुढे बोलपटाच्या संगीतात नाव काढणार होता, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

१९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडदा बोलू लागला. त्या चित्रपटाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला आली. तिथे केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांच्यासारखे जाणते संगीतकार काम करीत होते. टेंबे, भोळे आणि मास्टर कृष्णराव या तिघांचे तीन स्वभाव. टेंबे हे नाट्यसंगीताच्या वैभवातून आलेले, भोळे हे शब्दाच्या अर्थाला नेमका सूर शोधणारे, तर मास्टर कृष्णराव हे रागदारीवर हुकमत असलेले आणि तरीही सोपी चाल बांधणारे. प्रभातमधली वर्षे देसाई यांच्यासाठी उमेदवारीची होती. स्वतंत्र नाव मिळवण्याची घाई त्यांनी केल्याचे दिसत नाही. आज एखाद्या गाण्याने नाव होते आणि दुसऱ्या वर्षी विसरले जाते, त्या काळात दहा-बारा वर्षांची ही उमेदवारी विलक्षण वाटते.

१९४२ साली शांतारामबापू प्रभातमधून बाहेर पडले आणि त्यांनी मुंबईत परळला राजकमल कलामंदिराची उभारणी केली. देसाई त्यांच्याबरोबर मुंबईला गेले. राजकमलचा पहिला चित्रपट 'शकुंतला' १९४३ साली प्रदर्शित झाला. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो तब्बल १०४ आठवडे चालला. तिशी नुकतीच ओलांडलेल्या संगीतकाराला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे होते? पण ही सारी धामधूम चालू होती ती दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत, हे विसरून चालणार नाही.

महायुद्धाने हिंदी चित्रपटसृष्टीचा श्वास कोंडला होता. कच्ची फिल्म परदेशातून येत असे आणि तिच्यावर सरकारी नियंत्रण आले होते. चित्रपटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित करण्यात आली. परवाना असल्याशिवाय फिल्म मिळेना आणि युद्धप्रयत्नांना पूरक चित्रपट निर्मात्यांनी काढावेत, अशी सरकारची अपेक्षा होती. परक्या सत्तेच्या युद्धाची तरफदारी तर करायची नाही, पण चित्रपट तर काढायचा, अशा कात्रीत अनेक निर्माते सापडले होते. शांतारामबापूंनी त्यातून मोठ्या चतुराईने वाट काढली. जपानच्या आक्रमणाविरुद्ध लढणारा नायक सरकारला मान्य होता. पण हा नायक ब्रिटिश फौजेतला नव्हता. तो राष्ट्रीय सभेने पाठवलेला डॉक्टर होता.

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या या तरुणाची १९३८ साली चीनला जाणाऱ्या वैद्यकीय पथकात निवड झाली. सुभाषबाबू त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष होते. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी असे पाच डॉक्टर या पथकात होते. बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस तिथेच राहिले. १९४१ साली ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ साली मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन या दोन्ही नावांची अक्षरे जोडून केलेले नाव. मुलगा काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या आजाराने कोटणीस यांचे निधन झाले. वय अवघे ३२.

ख्वाजा अहमद अब्बास यांनी या जीवनावर 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हे इंग्रजी पुस्तक लिहिले होते. त्याच्या आधारे अब्बास आणि वि. प. साठे यांनी चित्रपटाची कथा रचली. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामबापूंनी केली, चिंगलानची जयश्रीबाईंनी. बाबूराव पेंढारकर चिनी सेनानीच्या वेशात आले. हिंदीबरोबर 'द जर्नी ऑफ डॉ. कोटणीस' ही इंग्रजी आवृत्तीही तयार झाली. पडद्यावर या चरित्राला साहसकथेचे रूप मिळाले. शत्रूची कैद, साथीच्या रोगावरील उपायाचा स्वतःवर प्रयोग, रणभूमीवर फुललेले प्रेम, असे सारे त्यात आहे. इतिहासाच्या काटेकोर मोजपट्टीने पाहिले तर त्यातील काही भाग अतिरंजित आहे. पण घरातल्या छोट्या पडद्यावर तो पुन्हा पाहताना जाणवते की, या चित्रपटाला शत्रूच्या द्वेषापेक्षा जखमी माणसाची कणव अधिक मोलाची वाटते.

आणि ही कणव पडद्यावरून आपल्यापर्यंत पोहोचते ती बऱ्याच अंशी संगीतामुळे. त्या काळात ध्वनी मुद्रित होई तो फिल्मवर, प्रकाशरेषेच्या रूपात. गायक आणि सारा वाद्यमेळ एकाच वेळी, एकाच दमात गात-वाजवीत असे. कुठे चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाबरोबर ती दुर्मीळ फिल्म वाया जायची. म्हणून मुद्रणाच्या आधी कसून तालमी होत. शिवाय प्रश्न होता चीनचा. परळच्या स्टुडिओत चीन उभा करायचा म्हणजे पडदे, पोशाख आणि नेपथ्य तर हवेच, पण कानालाही तो देश जाणवायला हवा. चिनी लोकसंगीतात पाच सुरांच्या रचनांना मोठे स्थान आहे आणि आपला भूप रागही पाच सुरांचाच. दोन देशांच्या मध्ये हिमालय उभा असला तरी सुरांना त्याची अडचण नसते. दिवाण शरर यांच्या गीतांना देसाई यांनी दिलेल्या चाली ऐकताना परकेपणा वाटत नाही, तो कदाचित यामुळे.

चित्रपटाचा शेवट पाहताना आमच्या घरात कोणी बोलत नव्हते. मृत्युशय्येवरचा डॉक्टर पत्नीला सोलापूरच्या आपल्या घराची वाट सांगतो. तिथे तिचे स्वागत कसे होईल, हे तो वर्णन करतो आणि आपण ते पडद्यावर पाहतो. ज्या घरातला माणूस मुंबईला, आखाताला किंवा जहाजावर गेलेला असतो, त्या कोकणी घराला ही वाट ओळखीची आहे. लढाईच्या चित्रपटाचा शेवट विजयाने न करता घराच्या उंबरठ्यावर करणे, हे या चित्रपटाचे मोठेपण. प्रत्यक्षात चिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन गेल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले.

यानंतरच्या दहा वर्षांत देसाई यांनी जे काम केले, त्यात युद्ध पुन:पुन्हा येते, पण नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेतून. १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' आला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांचा अभिनय आणि देसाई यांच्या लावण्या यांनी महाराष्ट्र वेडा झाला. तमाशापटांची लाट आली ती या चित्रपटामुळे. १९५१ साली 'अमर भूपाळी' आला. त्याचा नायक शाहीर होनाजी. पेशवाई अखेरच्या घटका मोजते आहे, इंग्रजांशी लढाई तोंडावर आली आहे आणि एक गवळी शाहीर पहाटेची भूपाळी रचतो आहे. राज्ये बुडतात, फौजा मोडतात, १८१७ साली शनिवारवाड्यावरचे निशाणही उतरते. पण त्या काळातली ती भूपाळी आजही घरोघरी गायली जाते. पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातली ती चाल देसाई यांची. हा चित्रपट कान महोत्सवातही गौरवला गेला. प्रेम आणि युद्ध यांच्या झटापटीत काय टिकते, याचे उत्तर देसाई यांनी तिथेच देऊन ठेवले होते.

१९५३ साली सोहराब मोदी यांचा 'झाँसी की रानी' आला. टेक्निकलरमध्ये काढलेला हा पहिला भारतीय चित्रपट. 'गॉन विथ द विंड'च्या छायालेखकांपैकी एक असलेले अर्नेस्ट हॅलर यांना त्यासाठी हॉलिवूडहून बोलावण्यात आले होते. घोडदळ, तोफा, तट, सैन्याच्या रांगा, कशाचीही काटकसर झाली नाही. राणीची भूमिका मेहताब यांनी केली, राजगुरूंची स्वतः मोदींनी. संगीत वसंत देसाई यांचे. झाशीचे नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, तेव्हा कोकणची एक वाट या कथेतही जाऊन मिळते. इतका खर्च होऊनही चित्रपट तिकीटबारीवर आपटला. आज घरी बसून पाहताना त्याचा भव्यपणा कधी कधी जड वाटतो, हेही कबूल केले पाहिजे. पण राणीचे जाणे ज्या सुरांत बांधले आहे, त्यात जयघोषाबरोबर शोकही आहे.

त्याच वर्षी देसाई यांनी आणखी एका चित्रपटाला संगीत दिले, त्यात ना तोफ होती ना तलवार. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई'. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकावरील चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. कोकणातल्या गरीब घराची, तिथल्या आईच्या शिकवणुकीची ही कहाणी कोकणातच वाढलेल्या संगीतकाराच्या हाती आली, हे उचितच झाले. एकाच वर्षी झाशीची तळपती राणी आणि पालगडची कष्टाळू आई, अशा दोन आया देसाई यांच्या सुरांतून उभ्या राहिल्या. महाराष्ट्राने त्यातील कोणती मनात अधिक जपली, हे सांगायला नको.

१९५५ साली आलेल्या 'झनक झनक पायल बाजे'ने देसाई यांचे नाव देशभर झाले. उस्ताद अमीर खाँ यांच्यासारखा गायक त्यांनी शीर्षकगीतासाठी आणला. पंडित शिवकुमार शर्मा यांचे संतूर चित्रपटसंगीतात प्रथम ऐकू आले तेही याच चित्रपटात. पुढे १९५९ साली 'गूँज उठी शहनाई'साठी उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची सनई त्यांनी पडद्यावर आणली. शास्त्रीय संगीताला सामान्य श्रोत्याच्या घरात नेऊन बसवायचे, पण त्याचा मान कमी होऊ द्यायचा नाही, ही त्यांची रीत होती.

या दोहोंच्या मध्ये, १९५७ साली, 'दो आँखें बारह हाथ' आला. सहा खुनी कैद्यांना मोकळ्या शेतात आणून, विश्वासाच्या बळावर माणसात आणणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याची ही कथा. तिला औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या मुक्त तुरुंगाचा आधार होता. भरत व्यास यांनी लिहिलेली आणि लताबाईंनी गायलेली त्यातील प्रार्थना देशातील असंख्य शाळांत सकाळी म्हटली जाऊ लागली. ती म्हणणाऱ्या मुलांना ती मुळात खुन्यांच्या तोंडी घातलेली प्रार्थना आहे, याची कल्पनाही नसते. चालीची गंमत अशी की, ती म्हणायला गळा तयार असण्याची गरज नाही. शंभर बेसूर मुलांनी मिळून म्हटली तरी ती प्रार्थनाच राहते. वाईट करणाऱ्याचेही भले चिंतणाऱ्या त्या शब्दांना इतकी साधी चाल देणे, हे पांडित्याहून अवघड काम होते.

आणि मग १९६२ साल उजाडले. ऑक्टोबरमध्ये चीनने आक्रमण केले. कोटणीसांच्या नावाने ज्या मैत्रीचे गोडवे गायले जात होते, ती एका महिन्यात बर्फात गाडली गेली. ज्या संगीतकाराने सोळा वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरच्या चिनी संसाराला सूर दिले होते, त्याने आता काय करावे? देसाई यांनी त्या काळात देशभक्तीची गीते बांधली आणि शाळकरी मुलांच्या समूहगायनाला मोठी चालना दिली. 'छोटा जवान'मधले गदिमांचे वीरगीत त्यांनी महेंद्र कपूर यांच्याकडून गाऊन घेतले. लढण्याचा निर्धार त्यात ठासून भरला आहे. तो ऐकताना आजही मूठ आवळली जाते. मात्र त्यातील शब्द नीट ऐकावेत. कवीने शत्रूला कुठल्या देशाचे नाव दिलेले नाही. जो माणूसपणावर उठला तो शत्रू, एवढेच तो सांगतो. लढाई आहे ती अमानुषतेशी.

आमच्या भाच्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळते. १९४६ साली चीनच्या जखमी माणसासाठी वाजलेली आणि १९६३ साली भारताच्या जवानासाठी वाजलेली वाद्ये एकाच बाजूने वाजत होती. देश बदलले, सरकारे बदलली, सीमेवरचे संबंध बदलले. संगीतकाराची बाजू तेवढी बदलली नाही. अर्थात असे म्हणताना एक सावधगिरी बाळगायला हवी. वीरगीत हे वीरगीतच असते. ते ऐकून रक्त सळसळते, आणि सळसळलेले रक्त दरवेळी शब्दांचा अर्थ पाहत नाही. देसाई इथेच थांबले असते तर आपले उत्तर अर्धेच राहिले असते.

ते थांबले नाहीत. २३ ऑक्टोबर १९६६ रोजी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचे गायन झाले. त्यात त्यांनी एक संस्कृत गीत गायले. ते कांची कामकोटी पीठाचे शंकराचार्य चंद्रशेखरेंद्र सरस्वती यांनी या प्रसंगासाठी रचलेले होते आणि त्याची चाल बांधली होती वसंत देसाई यांनी. मैत्रीने सगळ्यांची मने जिंका, दुसऱ्याला आपल्यासारखे पाहा, युद्ध टाका, चढाओढ टाका, असा त्याचा आशय. ज्या सभागृहात राष्ट्रांचे प्रतिनिधी एकमेकांवर आरोप करतात, तिथे दक्षिणेतील विदुषीच्या मुखातून कुडाळकडच्या माणसाची चाल जगाला युद्ध सोडायला सांगत होती. सुब्बुलक्ष्मी पुढे अनेक मैफलींत हे गीत गात राहिल्या. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना संगीतकाराचे नाव ठाऊक असेल, कोण जाणे! आपल्या सिंधुदुर्गात तरी ते प्रत्येक शाळेत ठाऊक असायला हवे.

या साऱ्या वर्षांत मराठी रंगभूमीची त्यांची सेवा अखंड चालू होती. 'पंडितराज जगन्नाथ'सारख्या संगीत नाटकाच्या चाली त्यांच्या. बाळ कोल्हटकरांच्या 'देव दीनाघरी धावला' या नाटकातील कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांचे द्वंद्वगीत आजही मराठी घरांत डोळे ओलावते. त्याच वाणी जयराम यांना त्यांनी १९७१ सालच्या 'गुड्डी'मध्ये हिंदी चित्रपटाचे दार उघडून दिले. गुलजार यांनी लिहिलेली त्या चित्रपटातील प्रार्थनाही शाळाशाळांत पोहोचली. एका संगीतकाराच्या दोन प्रार्थना देशभरच्या मुलांच्या ओठी असाव्यात, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले आहे. त्याआधी १९६८ सालच्या 'आशीर्वाद'मध्ये अशोककुमार यांच्याकडून त्यांनी आगगाडीचे बालगीत गाऊन घेतले, तेही मुलांनी कधी विसरू दिले नाही.

२२ डिसेंबर १९७५ रोजी, दिवसभराचे ध्वनिमुद्रण आटोपून ते मुंबईतील आपल्या निवासस्थानी परतले. इमारतीच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकत असताना अपघात झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय ६३. रणांगणावरच्या इतक्या मृत्यूंना ज्याने सूर दिले, त्याला स्वतःला मृत्यू गाठतो तो असा, रोजच्या दारात, कामावरून घरी येताना. त्यांचे संगीत असलेला 'शक' हा चित्रपट त्यांच्या पश्चात, १९७६ साली प्रदर्शित झाला. २०२५ च्या डिसेंबरात त्यांच्या जाण्याला ५० वर्षे झाली.

एवढ्या वर्षांनी त्यांचे चित्रपट घरी पाहण्यात काय साधते, असा प्रश्न कोणी विचारील. थिएटरचा अंधार नाही, शेजारी अनोळखी माणसाचा हुंदका नाही, पडदाही छोटा. हे सारे खरे आहे. तरी घरी पाहण्याचा एक लाभ आहे. चित्र थांबवता येते, मागे नेता येते, एकाच माणसाची वीस वर्षांतली कामे ओळीने समोर ठेवता येतात. १९४६, १९५७, १९६३ आणि १९६६ ही चार साले ज्यांनी एकेक करून जगली, त्यांना त्या त्या वेळचा आनंद आणि संताप तेवढा दिसला असेल. आपल्याला ती एका आठवड्यात, एका घरात ऐकता येतात आणि मग त्यातली अखंड राहिलेली ओळ कानाला कळते. ती ओळ रणवाद्यांनी सुरू होते आणि प्रार्थनेत विसावते.

शेवटच्या दिवशी आम्ही सुब्बुलक्ष्मींचे ते गीत लावले. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मध्येच दिवे गेले. गीत अर्ध्यावर थांबले. अंधारात भाच्याने आपण होऊन शाळेतली रोजची प्रार्थना गुणगुणायला सुरुवात केली. ती कोणाची चाल आहे, हे आता त्याला माहीत होते. घरातल्या थोरांनी हळूहळू त्याच्या आवाजात आवाज मिसळला. चीन मित्र की शत्रू, हा त्याचा प्रश्न त्या रात्री पुन्हा निघाला नाही. दिवे आले तेव्हा प्रार्थना संपत आली होती.